धडक चालेल, पण कुठून?

टोरंटोतला नातू अकरा वर्षांचा. त्याने मला आइस हॉकीच्या शिकवणीला बसवलंय. तिकडचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात इंदुरात पहाटे साडेपाचला लागतो. कोपऱ्यावरच्या पोह्यांना वाफ यायच्या आत मी ती धडकाधडकी बघून घेतो, आणि मग फोनवर तोंडी परीक्षा. "आबा, ही कुठली पेनल्टी?"

मला सगळ्याच पेनल्टी वाटतात. पण नाही! धडक मारणं कायदेशीर आहे. मात्र पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, ज्याच्याकडे त्यालाच. भलत्यालाच मारली तर इंटरफिअरन्स. बेसावध गड्याला कडेच्या फळ्यांवर आपटलं तर बोर्डिंग. लांबून सुसाट येऊन किंवा उडी घेऊन आदळलं तर चार्जिंग. काठी दोन्ही हातांत आडवी धरून रेटलं तर क्रॉस-चेकिंग. डोकंच हेरलं तर एनएचएल या तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये त्याचा वेगळा नियम, आणि तो आला २०१०मध्ये. तोवर डोक्यांचं काय चाललं होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शिक्षेतही मेख आहेच. मायनर म्हणजे दोन मिनिटं बाकावर; पण तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला की गुन्हेगार मोकळा. मेजर असेल तर पाच मिनिटं पुरी भरायची, गोल किती का होईनात.

गंमत म्हणजे कॅनडात नातवाच्या वयोगटाला अशी धडक २०१३पासून बंदच आहे. म्हणजे ज्या विषयात तो मला धारेवर धरतो, त्यात त्याचा स्वतःचा अनुभव शून्य!

पाठीमागून मारणं सर्वांत वाईट, पक असो वा नसो. अपवाद एकच: ऐनवेळी मुद्दाम पाठ फिरवली तर दाद मिळत नाही. हे मी पाठ केलं आणि परवा रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत फसलो. गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, प्लेट सांभाळत उभा होतो, तर कुणीतरी मागून असा आदळला की अर्धे गराडू शर्टावर.

"पाठीमागून! पाच मिनिटं!" मी हात वर करून ओरडलो.

तो "सॉरी भिया" म्हणून गर्दीत गडपही झाला. हिने मात्र शांतपणे निकाल दिला, "काही पेनल्टी नाही. तो समोरून येत होता. जलेबा दिसला म्हणून तुम्हीच वळलात."