इलेक्ट्रिक गिटार शिकायला खरोखर लाख रुपये लागतात का?

गेल्या काही महिन्यांपासून बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. घरी इलेक्ट्रिक गिटारचा सराव करायचा आणि जमेल तसे रेकॉर्डिंगही करायचे असेल तर किमान 1 लाख रुपयांची तयारी ठेवावी, असे त्याचे सार आहे. त्यातला हिशेब असा: 40 हजारांची गिटार, कारण त्याहून स्वस्त गिटारवर हात कायमचा बिघडतो, 35 हजारांचा, निदान 50 वॅटचा ट्यूब ॲम्प (काचेच्या ट्यूबवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा संच), कारण कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज खरा नसतो, 15 हजारांचा, 192 किलोहर्ट्झपर्यंत जाणारा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पेटी), आणि उरलेल्या 10 हजारांत भिंतींना लावायचा फोम. एवढे झेपत नसेल तर वर्षभर विजेविना वाजणाऱ्या ॲकॉस्टिक गिटारवर काढावे, आणि स्वस्त साहित्य घेतलेच तर आवाजातली घरघर कधी जाणार नाही हे गृहीत धरावे, असेही शेवटी बजावले आहे.

मी या शहरात गिटार शिकवतो, आणि हा संदेश वाचून मुलीला सुट्टीत गिटार घेऊन देण्याचा बेत रद्द केलेले आईवडील मला भेटले आहेत. दरबाराबाहेरच्या मुलांनाही संगीत शिकता यावे म्हणून ज्या गावात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 साली गायक मौलाबक्षांची गायनशाला सुरू झाली, त्या गावात केवळ चुकीच्या माहितीमुळे एखादे मूल वाद्यापासून दूर राहावे, ही गोष्ट मला सोडून देता येत नाही. त्यामुळे संदेशातला एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

सुरुवात ॲम्पपासून करतो, कारण सगळ्यांत मोठा गैरसमज तिथेच आहे. ट्यूब ॲम्पचा आवाज सुरेख असतो, याबद्दल वाद नाही. पण तो सुरेख होतो तो ट्यूब आणि स्पीकर यांच्यावर पुरेसा ताण आल्यावर, म्हणजेच आवाज बराच वाढवल्यावर. गिटारसाठी बनवलेला 12 इंची स्पीकर केवळ 1 वॅटला, 1 मीटर अंतरावर, साधारण 95 ते 100 डेसिबल इतका आवाज काढतो. 50 वॅटला त्यात आणखी 17 डेसिबलची भर पडते. निवासी भागासाठी आपल्याकडच्या नियमांत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, हे आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मांजलपूरच्या किंवा कारेलीबागच्या फ्लॅटमध्ये हा ॲम्प कोणत्या अवस्थेत वाजवला जाईल ते कळते: व्हॉल्यूमचे बटण 1 वरून 2 वर नेताच शेजारचे दार वाजेल, आणि ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुण कधी ऐकूच येणार नाही. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून 10 वॅटच्या ॲम्पपुढे 50 वॅटचा ॲम्प पाचपट जोरात वाजेल, ही समजूत मुळातच चुकीची आहे. ॲम्प घ्यायचाच असेल तर बॉस कटाना 50 सारखा, अर्ध्या वॅटवर आणता येणारा, हेडफोनची सोय असलेला आणि यूएसबीने थेट कॉम्प्युटरला जोडता येणारा मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारा ॲम्प, घरासाठी कितीतरी सोयीचा, कारण त्यात इंटरफेसचे कामही उरकते. पण पहिल्या वर्षी तोही आवश्यक नाही.

आता कॉम्प्युटरमधला आवाज खरा नसतो, हा दावा. ज्यांनी तो केला त्यांनी कर्कश आवाज प्रत्यक्ष ऐकला असणार, यावर माझा विश्वास आहे. फक्त त्याचे कारण त्यांनी चुकीचे लावले. गिटारचा स्पीकर हा गाणी ऐकण्याच्या स्पीकरसारखा सगळे स्वर सारखे वाजवत नाही. साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने मंदावतो, आणि डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केल्यामुळे, तयार झालेले वरचे खरखरीत स्वर तिथेच गाळले जातात. सॉफ्टवेअरमध्ये नुसता ॲम्प चालू केला आणि त्यापुढे स्पीकरची, म्हणजे कॅबिनेटची, नक्कल लावली नाही, तर ती सगळी खरखर गाळली न जाता हेडफोनमध्ये उतरते. यावरचा उपाय फुकट आहे. स्पीकर आणि त्यापुढचा माइक मिळून आवाजाला जो आकार देतात तो इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या छोट्या वेव्ह फाइलमध्ये साठवलेला असतो, आणि अशा चांगल्या फाइली विनामूल्य मिळतात. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर खऱ्या ॲम्पच्या मोजमापावरून तयार केलेली मॉडेल वाजवते, आणि इम्पल्स रिस्पॉन्स भरण्याची सोय त्यातच आहे. ॲम्पची नक्कल करणारे गिटार रिग प्लेअरही फुकट उतरवता येते. माझ्या विद्यार्थ्यांना मी एक प्रयोग आवर्जून करायला लावतो: तीच सुरावट आधी कॅबिनेट बंद ठेवून आणि मग चालू करून रेकॉर्ड करायची आणि लागोपाठ ऐकायची. सॉफ्टवेअर खोटे की खरे, हा वाद त्यानंतर सहसा होत नाही.

इंटरफेसच्या बाबतीत संदेशाचा निम्मा भाग बरोबर आहे. इंटरफेस हवाच; लॅपटॉपच्या माइकच्या भोकात गिटार खुपसून काम भागत नाही. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तार, आणि अशा पिकअपचा सिग्नल जिथे जातो त्या इनपुटचा रोध फार मोठा, साधारण 10 लाख ओहम, असावा लागतो. माइकचे इनपुट काही हजार ओहमचे असते, लाइन इनपुट साधारण 10 हजारांचे. त्यात गिटार लावली की वरचे स्वर दबतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झी असे लिहिलेले इनपुट आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. अनेक स्वस्त इंटरफेसवर ते असते.

192 किलोहर्ट्झचा आग्रह मात्र निराधार आहे. हा आकडा आवाज सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो ते सांगतो, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचे स्वर टिपले जातात. 44.1 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केले तरी 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपला जातो, माणसाचा कान 20 च्या वर ऐकत नाही, आणि गिटारचा स्पीकर तर त्याच्या कितीतरी आधीच थांबलेला असतो. गिटारची सर्वांत खालची मोकळी तार 82 हर्ट्झची, आणि 24 व्या फ्रेटवरची (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवरची) सर्वांत वरची तार साधारण 1319 हर्ट्झची. प्रत्येक मोजमाप किती बारकाईने टिपायचे ते बिट ठरवतात. 24 बिटचा फायदा खरा आहे, पण तो इतकाच की पातळी थोडी कमी ठेवून निर्धास्त रेकॉर्ड करता येते. 16 बिटची 96 डेसिबलची व्याप्तीही गिटारच्या स्वतःच्या गुणगुणीपेक्षा खूप मोठी आहे.

ज्याची चौकशी करायला हवी त्या गोष्टीचा संदेशात उल्लेखच नाही, आणि ती म्हणजे विलंब. तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये आवाज येईपर्यंतचा वेळ वाढला की बोटे अडखळतात आणि विद्यार्थी स्वतःला बेताल समजू लागतो. 48 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पलचा बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तेवढ्या मोजमापांचा साठा, ठेवला तर त्यापोटी 2.7 मिलिसेकंद जातात. 1024 ठेवला तर 21, आणि हा विलंब आत येताना व बाहेर जाताना असा दोनदा मोजावा लागतो. म्हणून विंडोजवर वापरायचे असेल तर उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विलंब कमी ठेवणारे जोडणीचे सॉफ्टवेअर) असलेला इंटरफेस निवडावा; 192 च्या आकड्यापेक्षा ही एक गोष्ट लाखमोलाची आहे. ब्लूटूथ हेडफोन सरावाला अजिबात वापरू नयेत, कारण त्यांचा विलंब सर्रास 100 मिलिसेकंदांच्या वर जातो. तारेचे, कान पूर्ण झाकणारे साधे हेडफोन घ्यावेत. आणखी एक बारकावा: इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण दाबलेले राहिले तर गिटारचा कोरडा आवाज आणि सॉफ्टवेअरमधला आवाज असे दोन्ही एकावर एक ऐकू येतात. तक्रार घेऊन आलेल्यांपैकी अनेकांचा प्रश्न ते बटण बंद करताच सुटतो.

स्वस्त गिटारवर हात बिघडतो, या दाव्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर नवशिक्याची बोटे दुखतात, स्वर चढे लागतात आणि मूल महिनाभरात वाद्य खाली ठेवते. पण हा दोष किमतीचा नसून सेटअपचा, म्हणजे तारा, गळा आणि ब्रिज यांच्या जुळणीचा, आहे. दुकानातून थेट आणलेली महाग गिटारही तशी असू शकते. तपासणी घरी करता येते. जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि गळा जिथे धडाला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहावे: ते जेमतेम जात असेल तर गळ्याचा बाक ठीक आहे. बाराव्या फ्रेटवर जाड्या तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता तिथे हलकेच स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळतात का ते पाहावे. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागे सरकवावे लागते. आपल्याकडची हवा लक्षात घेऊन हे वर्षातून दोनदा तरी करावे, कारण पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि मार्च ते मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते. तेव्हा फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. ट्रस रॉड, म्हणजे गळ्याचा बाक ठरवणारी आतली सळई, फिरवायचा तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको, आणि सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्यावा. यामाहा पॅसिफिका 012, स्क्वायर, आयबानेझ जिओ किंवा कोर्ट एक्स-100 यांसारखी गिटार नीट सेटअप करून घेतली तर तिच्यावर वर्षानुवर्षे शिकता येते. माझा सल्ला असा की गिटारवर 15 ते 20 हजार, इंटरफेसवर साधारण 5 हजार, हेडफोनवर 2 ते 3 हजार खर्च करावेत आणि केबल, पट्टा, तारांचे जादा संच व सेटअपसाठी दीड-दोन हजार राखून ठेवावेत. लाखाच्या एक तृतीयांशात हे सारे बसते.

फोमबद्दल फार बोलण्याची गरज नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज भिंतीपलीकडे जाणे थांबवत नाही. आणि गिटार थेट इंटरफेसमध्ये लावून हेडफोनवर ऐकताना मध्ये माइकच नसल्यामुळे खोलीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. ते 10 हजार निव्वळ वाया जातील.

आधी वर्षभर ॲकॉस्टिक, हा नियमही कोणत्याही तर्काला धरून नाही. ॲकॉस्टिकवर सर्रास 12 च्या मापाच्या तारा असतात (म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या 12 हजारांश जाडीची), इलेक्ट्रिकवर 9 किंवा 10 च्या. लहान हाताला इलेक्ट्रिक अधिक सोपी जाते. ज्याला ज्या वाद्याचा आवाज आवडतो त्याने त्याच वाद्यापासून सुरुवात करावी.

उरला घरघरीचा मुद्दा. एकाच वेटोळ्याचा सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या विजेच्या 50 हर्ट्झच्या क्षेत्राची गुणगुण उचलतो, मग गिटार 10 हजारांची असो वा 2 लाखांची. ती रद्द करण्यासाठीच दोन वेटोळ्यांचा हमबकर आला. एकच हमबकर असलेली गिटारही या कामी पुरते. त्यापलीकडचा बराचसा आवाज घराच्या वायरिंगमधून येतो. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये अजून अशा खोल्या आहेत जिथे सॉकेटला अर्थिंग नाही किंवा नावापुरतेच आहे, आणि तिथे चार्जर लावलेल्या लॅपटॉपवर गिटार जोडली की बारीक कर्रर आवाज सुरू होतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. आवाज गेला तर दोष गिटारचा नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना असाच त्रास देतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद ठेवावा, आणि खुर्ची थोडी वळवून कोणत्या दिशेला गुणगुण सर्वांत कमी होते ते शोधावे. तारांना हात लावताच आवाज कमी होत असेल तर गिटारचे आतले जोडकाम ठीक आहे; हात लावल्यावर वाढत असेल तर ते तपासून घ्यावे. पुढेमागे ॲम्प घेतलात तर घरघर घालवण्यासाठी त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तरी तो कधीही करू नये. गिटारच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थिंगलाच जोडलेल्या असतात, आणि ते अर्थिंग तोडले तर ॲम्पमधल्या एखाद्या बिघाडाचा करंट थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येऊ शकतो. अर्थिंग नसलेल्या खोलीत ॲम्प लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेट दुरुस्त करून घ्यावे.