स्टेज थ्री क्लचचा फॉरवर्ड आणि घोडबंदर रोड

ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: “स्पोर्ट्स कारला कंपनीचा क्लच म्हणजे पैसे पाण्यात. थेट सिरॅमिक स्टेज थ्री बसवा. पिकअप वाढतो, पकड दुप्पट होते, जळायचं नाव नाही. पेडल जड लागलं म्हणजे क्लच दमदार.” (स्टेज थ्री म्हणजे बाहेरून बसवायच्या जास्त ताकदीच्या क्लचची वरची पायरी, सिरॅमिक हे त्याच्या प्लेटचं घासणारं साहित्य.) दावे चार, त्यातला एकच अर्धामुर्धा खरा.

पिकअप वाढतो? नाही. क्लच पूर्ण लागला की त्याची प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती) एकाच वेगाने फिरतात. मग प्लेट कुठलीही असो, गिअरबॉक्सला टॉर्क (फिरवण्याचं बळ) तेवढाच मिळतो. फरक जाणवलाच, तर जुना क्लच स्लिप होत (घसरत) होता किंवा सेटसोबत हलकं फ्लायव्हील आलं. हलक्या फ्लायव्हीलने इंजिन पटकन फिरतं खरं, पण घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर गर्दीत गाडी उचलताना तितक्याच पटकन बंदही पडतं.

पकडीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. क्लच न घसरता किती टॉर्क पेलतो, ही त्याची क्षमता ठरते घर्षण, प्रेशर प्लेटचा (प्लेट फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या भागाचा) दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या यांवर. स्कोडा लॉरा व्हीआरएसच्या 1.8 टीएसआय इंजिनाचा टॉर्क 250 न्यूटन-मीटर. कंपन्या साधारण सव्वा ते दीडपट क्षमता ठेवतात, म्हणजे अंदाजे 310 ते 375. गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच असेल तर विषय इथेच संपतो. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क 320 वर नेला, तर मात्र हातात फारसं काही उरत नाही. तरीही उत्तर सिरॅमिक नाही. डॅम्पर स्प्रिंग (झटके शोषणाऱ्या स्प्रिंग) असलेली, पूर्ण गोल ऑर्गॅनिक (कंपनीच्या क्लचसारख्या साहित्याची) प्लेट ठेवा आणि प्रेशर प्लेट 30 टक्के जास्त दाबाची घ्या. क्षमता तेवढीच वाढते आणि हाफ क्लच हातचा जात नाही. गरजेपेक्षा फार ताकदीचा क्लच घसरत नाही, तेव्हा झटका गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो. क्लच इथे फ्यूजचं कामही करतो, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

“जळायचं नाव नाही” हा दावा सगळ्यात महागात पडतो. सपाट रस्त्यावर 1400 किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी 10 किमी वेगाला नेताना क्लचमध्ये साधारण 5 किलोज्यूल उष्णता तयार होते. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दुप्पट धरून ताशी 20 किमीला क्लच लावला, तर ती चौपट होते. सिरॅमिक जास्त तापमान सोसतं, मान्य. पण त्याचे चार-सहा तुकडे झटकन पकडतात, म्हणून गाडी झटके मारते. ते टाळायला चालक रेस वाढवून क्लच सोडतो आणि उष्णता आणखी वाढते. माजिवड्यापासून घोडबंदर रोडला रांगत जाणाऱ्या गाडीत त्याची किंमत फ्लायव्हीलचा पृष्ठभाग मोजतो. सिरॅमिकची जागा ट्रॅकवर, जिथे क्लच क्षणात लागतो आणि लागलेलाच राहतो.

जड पेडल? प्रेशर प्लेट जास्त दाबाची असेल तर पेडल जड होतंच, आणि प्रत्येक दाबाला रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) व क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) थ्रस्ट बेअरिंगवर जास्त भार येतो. पण जुन्या क्लचचं पेडल हळूहळू जड होत गेलं, तर तो प्लेट झिजल्याचा इशारा असतो.

खर्च करण्याआधी निदान करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरात 2000 आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. मग गिअरबॉक्स उतरवल्यावर आधी क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील बघा. तेल गळत असेल तर नवी प्लेटही भिजेल, मग ती कितीही महाग असो. क्लच नीट सुटत नसेल, गिअर खरखरत पडत असेल, तर दोष बहुधा हायड्रॉलिक्सचा (पेडलचा दाब द्रवाने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचा): ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला, हवा काढा.

बसवताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावं. साधं फ्लायव्हील लेथवर घासून घेता येतं. ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर त्याची ढिलाई तपासून गरज पडल्यास बदलावं. प्रेशर प्लेटवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसा, स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस अगदी थोडं, आणि बोल्ट आलटून-पालटून समोरासमोर टॉर्क रेंचने आवळा. नवी प्लेट नीट बसावी म्हणून पहिले 500 ते 800 किमी शहरातच, पूर्ण रेस न देता चालवा. एक्सप्रेस वेवरचे किलोमीटर यात धरू नका, कारण तिथे क्लच वापरलाच जात नाही.