मॅक्लेलन कारकून नव्हता

आज कुणीतरी जेब स्टुअर्टचा, अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या घोडदळ सेनापतीचा, तो पिसाच्या टोपीतला फोटो शेअर केला. खाली कॉमेंट : 'खरे घोडेस्वार हेच, स्टाफवाले तंबूतले कारकून.' डोकंच फिरलं!

९ जून १८६३, व्हर्जिनियातलं ब्रँडी स्टेशन. स्टुअर्ट पुढे नदीच्या बाजूला उत्तरेच्या ब्युफर्डशी झुंजतोय. मागे फ्लीटवूड टेकडीवर त्याचे हुकूम आणि हिशेब सांभाळणारा स्टाफ ऑफिसर, मेजर हेन्री मॅक्लेलन, हाताशी जेमतेम काही निरोपे स्वार. आणि पाठीमागून उत्तरेच्याच ग्रेगचं घोडदळ येतंय! पहिली खबर खुद्द मॅक्लेलनलाही खोटी वाटली, त्याने स्वाराला पुन्हा बघायला पाठवलं. तो पाच मिनिटांत परत.

दारूगोळा संपत आल्यामुळे मागे घेतलेली कार्टरची सहा पौंडी तोफ टेकडीखाली उभी होती. पेटीत थोडे सदोष बाँबगोळे, थोडे भरीव. मॅक्लेलनने ती माथ्यावर चढवली आणि सावकाश मारा सुरू करवला. सावकाशच, कारण भराभर डागले असते तर पेटी लगेच रिकामी. माथ्यावर तोफ दिसली म्हणजे मागे फौज असणार, असं समजून शत्रू थबकला. दरम्यान स्टुअर्टकडे एकामागून एक स्वार सुटले. त्यालाही आधी पटलं नाहीच. मदतीला बारावी व्हर्जिनिया रेजिमेंट पोचली तेव्हा कार्टरचा शेवटचा बार होऊन गेला होता.

हा कारकून?

आणि लेखणीचं काम तरी हलकं कुठे होतं? दक्षिणेत घोडा स्वाराचा स्वतःचा. सरकार रोजचे ४० सेंट भाडं देई. घोडा लढाईत मेला तर भरपाई, झिजून किंवा आजाराने गेला तर नुकसान स्वाराचं. मग तो नवा घोडा आणायला घरी जाणार. म्हणजे पटावरची माणसं वेगळी, खोगिरावरची वेगळी. हा हिशेब चुकला की हुकूम चुकला.

हो, मॅक्लेलन ज्या बाजूने लढला ती गुलामगिरी राखायला उभी होती, त्यावर आपल्यात वाद नाही. आणि त्या दिवशी गाफील राहिल्याचा दोष मुख्यालयाचाही, मान्य. पण ती तोफ वर चढली नसती तर टेकडी गेलीच होती.

फिलाडेल्फियात जन्मलेला हा शिक्षक १८६१ मध्ये साधा स्वार म्हणून भरती झाला. भाऊ उत्तरेच्या फौजेत. १८६२ मध्ये रेजिमेंटचा अॅडज्युटंट (हुकूम आणि कागदपत्रं बघणारा अधिकारी), मग स्टुअर्टच्या स्टाफवर. मे १८६४ मध्ये मरताना स्टुअर्टने आपले दोन घोडे दोन स्टाफ ऑफिसरांना वाटून दिले. त्यातला एक मॅक्लेलनला. त्यानंतर तो काही काळ दक्षिणेचा सेनापती लीकडे आणि मग युद्धाच्या शेवटपर्यंत घोडदळाच्या हॅम्प्टनकडे तेच काम करत राहिला.