पाठकोरी रॅम

आठ आणि सोळा यांतला फरक मला कळत नाही, हे परवा टिळक रोडवरच्या एका दुकानात चारचौघांत सिद्ध झालं.

घरचा डेस्कटॉप जी-४१ चिपसेटचा. चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरचा, प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला मध्यस्थ. ते वाण २००८ सालचं. आत ४ जीबीची एक रॅम होती. "ब्राउझर उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात," असं बायको म्हणाली, म्हणून तेवढीच आणखी एक आणून लावली. स्क्रीन काळी आणि आतून टींऽ टींऽ. मुलीच्या कंपासमधल्या स्ट्रॉबेरीच्या वासाच्या खोडरबरानं रॅमचे सोनेरी दात घासले, कारण आपल्याकडे रॅमचा कुठलाही आजार आधी खोडरबरानंच उतरवायचा असतो. पुन्हा टींऽ टींऽ, आता स्ट्रॉबेरीच्या वासासकट.

मग जुन्या रॅमवरच मशीन चालू केलं आणि लिनक्समध्ये 'डीएमआयडीकोड' ही सुट्या भागांची ओळख सांगणारी कमांड चालवून विचारलं, की बाबा, तुझ्या पोटात नक्की आहे काय? उत्तर आलं : उत्पादक, 'मॅन्युफॅक्चरर शून्य'. पार्ट नंबर, 'पार्टनम शून्य'. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे 'वडील' लिहावं, तसं.

दोन्ही रॅम खिशात घालून दुकान गाठलं. काउंटरवरच्या पोरानं नुसती नजर टाकली.

"काका, तुम्ही आठ चिपवाली नेलीत. तुमच्या बोर्डाला सोळा चिपवाली लागते."

"मग काल का नाही बोललास?"

"तुम्ही बोर्ड कुठला ते सांगितलंच नाही."

'काका' मी गिळला. पण शेजारी स्टुलावर एक आजोबा प्रिंटरचं कार्ट्रिज भरून मिळायची वाट बघत बसले होते. त्यांनी "बघू" म्हणून हात पुढे केला. असा हात पुढे आला की वस्तू द्यावीच लागते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रॅम नाकाशी धरली आणि नखानं मोजायला लागले, धान्य मापतात तसं.

"लाभ, दोन, तीन... आठ. आणि मागे?" उलटी केली. "अहो, मागे काहीच नाही! पाठकोरी दिलीय तुम्हाला!"

दुकानातली सगळी डोकी वळली.

"पैसे आठाचे घेतले की सोळाचे?"

पोरगं समजावू लागलं. आजोबा, दोन्ही ४ जीबीच. हिच्यात ४ गिगाबिटच्या आठ चिपा, त्या दुसरीत २ गिगाबिटच्या सोळा. बेरीज तेवढीच, पण यांचा जी-४१ दोनच्या वरची चिप ओळखतच नाही. हे मला आधीच ठाऊक होतं असा चेहरा करून मी मान हलवली.

आजोबांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "हे बघा. डॉक्टर मला पाचशेची एक देत होते. घशाखाली उतरेना. आता अडीचशेच्या दोन. औषध तेवढंच. तुमच्या मशीनचा घसा माझ्यासारखा आहे."

मला राग आला तो याचा, की उपमा शंभर टक्के बरोबर होती.

तेवढ्यात त्यांना माझ्या दुसऱ्या हातातली जुनी रॅम दिसली. तिच्या लेबलवर २आर×८, नव्या रॅमवर १आर×८. "बे आठे?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. "सोळा," मी म्हणालो. इतक्या हळू आवाजात पाढा मी तिसरीतही म्हटला नव्हता. खरं तर त्या लेबलातले आठ म्हणजे चिपांची संख्या नव्हेच. ती एकेका चिपची रुंदी, आठ बिट. रॅमला एका वेळी लागणारे चौसष्ट बिट भरायला अशा आठ चिपा लागतात, तो झाला एक रँक, आणि दोन रँक म्हणून सोळा. म्हणजे आजोबांचं गणित चुकीचं आणि उत्तर बरोबर. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी तोवर पोराला रॅम परत देऊन "सोळाची दे यांना" असा निकाल लावला होता.

आता मला सांगा, पाकिटावर आगीच्या ज्वाळा छापायला जागा आहे, गरुड छापायला जागा आहे, 'सोळा चिप' छापायला नाही? जगातल्या बहुतेक रॅमच्या चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच तिघांच्या. पुढचे बरेचसे ब्रँड त्या चिपा पट्टीवर बसवून वर आपला स्टिकर डकवतात. आतली चिप कोणाची हे बघायला स्टिकर उचकटावा, तर त्यावरच लिहिलेलं की उचकटला तर वॉरंटी संपली. आंबा घेताना निदान वास तरी घेऊ देतात.

सोळावाली दीडशे रुपयांनी महाग निघाली. हल्ली मिळत नाही, म्हणे. आजोबांनी तिच्याही दोन्ही बाजू मोजल्या, मगच मला पैसे काढू दिले.

"आपण काय करता?" त्यांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरमध्ये आहे. बावीस वर्षं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे," म्हणाले.