परदेशातून : रस्ता कोणाचा, ते आधी सांगा

आमच्या गोतावळ्यात सध्या एकच वाद पेटलाय. एकाने म्हणायचं, "पुणं संपलं, शहाण्याने नाशिकला फ्लॅट घ्यावा." की लगेच दुसरा २०१८ ची केंद्र सरकारची राहण्यायोग्य शहरांची यादी काढतो, तीत पुणं देशात पहिलं होतं. तिसरा नाशिकची हवा आणि गोदाकाठ काढतो, चौथा पुण्याच्या नाट्यगृहांवर येतो. आणि सगळ्यांचं बोलून झालं की कोणीतरी आमच्याकडे वळतो : "तुम्हाला काय त्याचं, तुम्ही तिकडे निवांत!"

निवांत वगैरे काही नाही. इथेही हाच वाद चालतो, फक्त गावं वेगळी. अमेरिकेच्या पश्चिमेकडची दोन मध्यम शहरं : वॉशिंग्टन राज्यातलं स्पोकॅन आणि शेजारच्या आयडाहो राज्यातलं बॉइसी. सिअॅटल आणि कॅलिफोर्नियाच्या भाड्यांना कंटाळलेली माणसं या दोहोंत निवड करत बसतात. २०२० च्या जनगणनेत स्पोकॅनची लोकसंख्या २ लाख २९ हजार, बॉइसीची २ लाख ३६ हजार, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने तालुक्याची मोठी गावं. दोन्हीकडे मधून वाहणारी नदी, दोन्हीकडे ऑगस्टात वणव्याचा धूर. लोक तुलना करतात ती बर्फाची आणि डोंगरांची. ती पाच मिनिटांत संपते : स्पोकॅनला वर्षाला सरासरी ४५ इंच बर्फ पडतो, बॉइसीला त्याच्या निम्म्याहून कमी. बॉइसीत डिसेंबर-जानेवारीत थंड हवा खोऱ्यात कोंडून बसते आणि आठवडाभर सूर्य दिसत नाही. धुरासाठी घर तापवणाऱ्या भट्टीत मर्व्ह १३ चा, म्हणजे बारीक कण अडवणारा फिल्टर घाला, थर्मोस्टॅटवरचा पंखा 'ऑटो'वरून 'ऑन'वर ठेवा आणि जुनी भट्टी असेल तर एवढा दाट फिल्टर तिला झेपतो का, ते आधी विचारून घ्या. झालं हवामान.

खरा फरक रस्त्यावर आहे आणि तो कोणी विचारत नाही. स्पोकॅनचे रस्ते स्पोकॅन शहराचे. बर्फ पडला की आधी मुख्य रस्ते, इस्पितळांच्या वाटा, बसचे मार्ग आणि चढ साफ होतात, मग वस्त्यांतल्या गल्ल्या. सबंध शहर व्हायला काही दिवस जातात. हिवाळ्यात गल्लीत गाड्या विषम क्रमांकाच्या घरांच्या बाजूला लावायच्या, कारण दोन्हीकडे गाड्या असल्या तर प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारी गाडी, आत शिरत नाही, पुढे निघून जातो, आणि त्या गल्लीत चाकोरीचा बर्फ दगडासारखा गोठतो. प्लाऊने कडेला लोटलेला ढीग तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी येतो. तो तुम्ही उपसायचा आणि ओला असतानाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहार लागते. यावरून लोक चिडतात, नगरसेवकाला ईमेल करतात, महापौराला शिव्या घालतात. घालता येतात, कारण रस्ता त्यांचा आहे.

बॉइसीत तसं नाही. तिथे १९७२ पासून एडा काउंटी हायवे डिस्ट्रिक्ट हे वेगळंच मंडळ साऱ्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, रस्ते सांभाळतं. बॉइसी शहराच्या मालकीचे रस्ते जवळजवळ नाहीतच. मंडळाचे पाच आयुक्त लोकांनी निवडून दिलेले असतात, पण मतदान तिथल्या लोकांच्या हातात असूनही बऱ्याच जणांना आपला आयुक्त कोण हे ठाऊक नसतं. शहराला एखाद्या रस्त्यावर सायकलची पट्टी हवी असेल तर मंडळाची मनधरणी करावी लागते. वस्तीतल्या गल्ल्यांचा बर्फ हे मंडळ सहसा काढत नाही, उन्हाने वितळण्याची वाट पाहतं. महापौर हात वर करतात आणि ते खोटंही नसतं.

आता पुण्यातला कुठलाही खड्डा घ्या. महापालिकेचा, पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), सार्वजनिक बांधकाम विभागाचा, की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा? हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो. यादीतला क्रमांक आणि गोदाकाठचा वारा यांत या प्रश्नाचं उत्तर नाही.

बसचंही तेच. स्पोकॅनमध्ये २०१६ साली लोकांनी मतदान करून विक्रीकरात ०.२ टक्क्याची वाढ बससाठी स्वतःवर लादून घेतली. त्यातला पैसा, केंद्राचं आणि राज्याचं अनुदान असं मिळून २०२३ च्या जुलैत सहा मैलांची सिटी लाइन ही जलद बससेवा सुरू झाली. बॉइसीकरांनी असं ठरवलं तरी करता येत नाही : आयडाहोच्या कायद्याने स्थानिक विक्रीकर लावायची मुभा फक्त छोट्या पर्यटनगावांना आहे. त्यामुळे तिथल्या बससेवेला दरवर्षी शहरांपुढे हात पसरावा लागतो आणि रात्री उशिरा काम सुटणाऱ्याला गाडीवाचून गत्यंतर नाही.

करांबद्दल मात्र सगळे हिरीरीने बोलतात, बहुतेक वेळा अर्धवट. "वॉशिंग्टनमध्ये आयकर नाही!" बरोबर, नोकरदाराच्या पगारावर राज्याचा आयकर नाही. पण पगारपत्रक उघडून पाहा. दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचे ०.५८ टक्के कापलेले असतात, कौटुंबिक रजेच्या विम्याचा हप्ता वेगळा. आयडाहोचा आयकर २०२५ साठी ५.३ टक्के. नवराबायकोचं करपात्र उत्पन्न ७० हजार डॉलर धरा : सुरुवातीचे साडेनऊ हजारांच्या आसपास मोकळे, उरलेल्यावर साधारण ३,२०० डॉलर. वॉशिंग्टनने ते वाचवले म्हणायचे, तर स्पोकॅनचा विक्रीकर नऊ टक्क्यांच्या घरात, बॉइसीचा सहा. वर्षाला करपात्र खरेदी २० हजारांची असेल तर सहाशे डॉलर स्पोकॅनला जास्त. वाणसामानावर वॉशिंग्टनमध्ये कर नाही, आयडाहोत आहे, पण तिथे माणशी १५५ डॉलर परत मिळतात. चौघांचे ६२० म्हणजे दहा हजारांच्या वाणसामानावरचा कर फिटतो. मात्र त्यासाठी विवरणपत्रात तो रकाना भरावा लागतो आणि कर लागू नसलेली म्हातारी माणसं विवरणपत्रच भरत नाहीत म्हणून ते सोडून देतात.

दुसरी हमखास चूक गाडीची. स्पोकॅनची माणसं अर्ध्या तासावर आयडाहोत कोर डलेनला जाऊन गाडी घेतात, कर वाचला म्हणून खूश होतात आणि घरी येऊन नोंदणी करताना वॉशिंग्टन आपल्या दराने हिशेब करून उरलेला कर वसूल करतं. बर्फावर न घसरणाऱ्या खिळ्यांच्या टायरांचंही लक्षात ठेवा : ते वॉशिंग्टनमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, आयडाहोत १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल एवढेच चालतात. एप्रिलात बॉइसीहून स्पोकॅनला मुक्कामाला येणाऱ्याने हे पाहूनच निघावं.

पाण्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. स्पोकॅनचं पिण्याचं पाणी जमिनीखालच्या प्रचंड जलधरातून येतं आणि ते शहरच पुरवतं. बॉइसीत नळाचं पाणी खासगी कंपनीकडून. पण बॉइसीच्या जुन्या वस्त्यांत दुसरं पाणीही आहे, कालव्याचं. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घरामागच्या चारीतून ते वाहतं आणि प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते : अमुक वार, अमुक तास. आपली वेळ आली की लाकडी फळी उचलायची, हिरवळीवर पाणी पसरू द्यायचं, वेळ संपली की फळी खाली. बिघाड नेहमी दोनच ठिकाणी होतो. वरच्या घरातले फळी टाकायला विसरले तर शेपटाकडची घरं कोरडी. आणि रस्त्याखालच्या नळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की पाणी फिरून कोणाच्या तरी तळघरात. दाताळं घेऊन जाळी साफ कोणी करायची, यावर शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. पाणी वापरा न वापरा, आकारणी भरावीच लागते, कारण हक्क जमिनीला चिकटलेला आहे. गंगापूर धरणाच्या आवर्तनावर वाढलेल्या नाशिककराला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. पुणेकर मात्र घर घेताना किचनचा ओटा पाहील आणि मागे वाहणारी चारी "काय छान झुळझुळतेय" म्हणून सोडून देईल.

तेव्हा नाशिक की पुणं हा प्रश्न चुकीचा नाही, त्यातले मुद्दे चुकीचे आहेत. २०१३ मध्ये दोन्ही शहरांची जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, तीही टिकली नाही, आणि २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात राज्याकडून येणाऱ्या रकमेवर दोघांची भिस्त. त्याहून मोठं म्हणजे मार्च २०२२ पासून दोन्ही महापालिकांत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक कारभार बघत होते आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं. त्या चार वर्षांत गोतावळ्यात मिसळीवर, हवेवर आणि फ्लॅटच्या भावावर चर्चा झाली. नगरसेवक का नाही, हे विचारलेलं दिसलं नाही. स्पोकॅनमध्ये चार महिने जरी असं झालं असतं, तरी लोकांनी सिटी हॉलची पायरी सोडली नसती.

हे वाक्य लिहिताना जी ऐट येते, तिला आधार नाही हेही माहीत आहे. वॉशिंग्टनमध्ये मतपत्रिका पोस्टाने घरी येतात, मतदानाच्या अडीच आठवडे आधी. नागरिक नसलेल्या, आमच्यासारख्या ग्रीन कार्डवाल्याच्या पत्र्याच्या टपालपेटीत ती येत नाही. शाळेचा लेव्ही, म्हणजे शाळांसाठीचा जादा कर, मंजूर झाला की मालमत्ता कर वाढतो, एस्क्रोत (घराच्या कर्जाबरोबर कर भरायला ठेवलेल्या खात्यात) भरणा कमी पडतो आणि घराचा हप्ता वर जातो, तो मात्र बिनचूक येतो. तिकडे भारतात, भारतीय पासपोर्ट असल्याने परदेशस्थ मतदार म्हणून ६ अ क्रमांकाचा अर्ज भरता येतो, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. एका मतासाठी एवढ्या लांबून कोण येणार? म्हणजे बर्फाच्या प्लाऊपासून पीएमआरडीएपर्यंत सगळ्यांवर ठाम मत आहे आणि ते टाकायला पेटी कुठेच नाही. "तुम्हाला काय त्याचं" याचा राग येतो तो बहुधा त्यामुळेच.