फुटांवर मोजलेला सिनेमा

मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्सने सकाळचा खेळ दिला की आपल्याकडे कोट्याचा वाद पेटतो. 2015 मध्ये सरकारने प्राइम टाइमची सक्ती केली आणि ओरड झाल्यावर 'प्राइम टाइम' दुपारी 12 ते रात्री 9 इतका ऐसपैस केला. कोट्याने दर्जा बुडतो, असं म्हणणारे तेव्हाही होतेच. लंडनमध्ये राहून हा वाद वाचताना इथला जुना घोळ आठवतो.

1927 च्या कायद्याने ब्रिटिश थिएटरवाले आणि वितरक, दोघांवरही देशी चित्रपटांचा ठरावीक वाटा लादला. मोजायचं ते फिल्मच्या लांबीच्या फुटांत. खर्चाची अट नाही. मग हा वाटा भरण्यासाठी अमेरिकन वितरकांनी फुटामागे साधारण एक पौंड या भावाने चित्रपट पाडून घेतले. 6000 फूट म्हणजे मिनिटाला 90 फुटांनी जेमतेम 67 मिनिटं.

एवढ्या पैशांत रेव्ह्यू, म्हणजे गाणी, नाच आणि विनोदांची सुटी मालिका, फार सोयीचा. गोष्ट लागत नाही, म्युझिक हॉलचे, म्हणजे तिथल्या करमणुकीच्या रंगमंचावरचे कलाकार आपला नंबर (गाणं, नाच किंवा नक्कल) रोज रात्री करतच असतात, म्हणजे तालमीचा खर्च वाचला. मागे एक पडदा, मधे एक निवेदक, सहा-सहा मिनिटांचे अकरा नंबर, की भरले फूट! फसायचं ते विनोदात. रंगमंचावरचा विनोदवीर हशासाठी थांबतो, पण स्टुडिओत हसणार कोण? थांबला तर पडद्यावर भगदाड पडतं, न थांबला तर थिएटरातल्या हशात पुढचं वाक्य बुडतं. शिवाय सुरुवातीच्या बोलपटांत वाद्यवृंदही चित्रीकरणाच्या वेळीच वाजायचा. मधेच कोणी चुकलं तर अख्खा नंबर पुन्हा. फिल्म महाग, म्हणून बारीक चुका तशाच राहायच्या.

असे चित्रपट सकाळी, झाडू मारणाऱ्या बायकांसमोर चालवून कोटा भरत, असं इथे सांगतात. 1938 च्या कायद्याने चित्रपटामागे किमान 7,500 पौंड मजुरीखर्चाची अट घातली.

तरी 'कोट्यातून कचराच निघतो' हे मला पटत नाही. पुढे नावाजलेला ब्रिटिश दिग्दर्शक मायकल पॉवेल याच स्वस्त चित्रपटांवर हात बसवून पुढे आला. 1930 चा 'एल्स्ट्री कॉलिंग' मोठ्या स्टुडिओचा, पण साचा हाच, रेव्ह्यूचा. त्यात झायलोफोनवाला टेडी ब्राऊन आणि म्युझिक हॉलची गायिका लिली मॉरिस आजही बघायला मिळतात.

आपण नियमात वेळ लिहिली, वार मात्र राहिला. मंगळवारी दुपारी 12 चा खेळ देऊनही नियम पाळला जातो. कोटा मागायचाच तर शुक्रवार ते रविवार, संध्याकाळी सहानंतरचा मागा.