फ्रिजच्या मागचा ट्रे

आज टाळकं सटकलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा आला तर खाली सरका.

सकाळी पतसंस्थेत जायच्या गडबडीत होते आणि गल्लीच्या ग्रुपवर एक ऑडिओ येऊन पडला. बाईचा आवाज, घाबराघुबरा. ‘मी एका मोठ्या हॉस्पिटलमधनं बोलतेय, कोल्हापुरात डेंग्यूचे आठशे पेशंट झालेत, सगळं दाबून ठेवलंय, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.’ हॉस्पिटल कुठलं? सांगत नाही. बाई कोण? सांगत नाही. आठशे म्हणजे आजचे, महिन्याचे, की जन्मापासूनचे? त्याच्याखाली पपईच्या पाल्याच्या रसाची कृती. किवी, ड्रॅगन फ्रूट, शेळीचं दूध. दुपारपर्यंत तोच ऑडिओ मला पाच ठिकाणांहून आला, माहेरच्या ग्रुपवरनंसुद्धा. आणि संध्याकाळी शेजारच्या काकांचा मेसेज: ‘कुणाच्या परड्यात पपई आहे काय? नातवाला ताप आहे, पाला पाहिजे.’

पपईचा पाला आमच्या घरानं चाखलाय.

दोन वर्षांपूर्वी, गणपती नुकतेच गेलेले. धाकट्याला ताप भरला. पहिले तीन दिवस एकशेतीन-चारच्या घरात, डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणून रडायचा. लॅबमधनं डेंग्यूची एनएस-वन रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली आणि आमच्या घरात मोबाईलवरचं सगळं आरोग्यशास्त्र एकदम घुसलं. नणंदेनं कृती पाठवली, दिरानं व्हिडिओ पाठवला, मी मिक्सरला पाला लावला. हिरवागार, कडूजहर रस. नाक दाबून दोन-दोन चमचे पाजत होते. पोरगं ओकत होतं आणि मी पुन्हा पाजत होते. चौथ्या दिवशी ताप उतरला. घरात सगळ्यांनी हुश्श केलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी ग्रुपवर टाकलं, ‘रसाचा गुण आला.’ होय, मीच टाकलं. हात जोडलेले तीन इमोजी लावून.

पाचव्या दिवशी दारात आशाताई. हातात ते लांबडं रजिस्टर, त्याला सुतळीनं बांधलेलं पेन. तापाचा सर्व्हे करत होत्या. मी म्हटलं, उतरला की ताप, आता काय. त्या चप्पल काढून आतच आल्या. पोराकडं बघितलं आणि मला विचारलं, “वहिनी, सकाळपासनं लघवीला कितींदा गेलाय?”

मला राग आला. खरंच आला. प्लेटलेट विचारायच्या सोडून ही बाई लघवी काय विचारतेय? मग आठवलं, गेलाच नाही. पोटात दुखतंय म्हणून सकाळपासनं मुटकुळं करून पडलेला. त्या म्हणाल्या, “ताप उतरला म्हणून थांबू नका. आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. रिक्षा बघू काय?”

डेंग्यूत खरा धोका ताप उतरायच्या सुमाराला सुरू होतो, हे मला त्या दिवशी कळलं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतनं पाणी झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतनं रक्त, मूल सुस्त पडणं, लघवी कमी होणं, ही त्याची लक्षणं. डॉक्टरांनी मोजून सलाईन दिलं, दर काही तासांनी रक्त तपासलं. प्लेटलेट चौतीस हजारांवर आल्या तेव्हा आमच्या ह्यांनी प्लेटलेटच्या पिशवीसाठी दहा फोन लावले. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय पिशवी लावत नाहीत, शांत बसा. शांत बसलो. पाच दिवसांनी पोरगं घरी आलं आणि पहिल्यांदा वडा मागितला.

आता मला सांगा, त्या पाच पानी फॉरवर्डमध्ये ‘लघवी’ हा शब्द कुठं होता?

पुढचं सांगायला लाज वाटते, तरी सांगते. ह्याच आशाताई पंधरा दिवस आधी कंटेनर सर्व्हेला, म्हणजे घरातल्या साठवलेल्या पाण्यात अळ्या आहेत काय ते बघायला, आल्या होत्या आणि मी त्यांना दारातनंच परत लावलं होतं. ‘आमच्यात काय नाही ओ, सगळं स्वच्छ असतंय. तेवढं गटारीचं बघा.’ असं तोऱ्यात. पोरगं घरी आल्यावर त्या पुन्हा आल्या. टेरेस बघितली, बॅरल बघितलं, मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, जरा फ्रिज पुढं ओढा. मागच्या त्या ट्रेमध्ये मोबाईलची बॅटरी मारली. बोटभर नितळ पाणी, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. उजेड पडला तशा सगळ्या तळाला पळाल्या.

फ्रिज माझा, ट्रे माझा, आणि मी गटारीच्या नावानं बोटं मोडत होते. डेंग्यूचा हा डास गटारीच्या घाणीत सहसा अंडी घालत नाही, त्याला आपल्यासारखंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. चावतो तोही दिवसा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात, म्हणून नुसतं ओतून चालत नाही, घासावं लागतं. आठवड्यातनं एकदा कोरडा दिवस पाळायचा तो एवढ्यासाठी, की अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आम्हाला पाहिजे धुराची गाडी. धूर उडते डास मारतो, ट्रेमधल्या अळीला काय होतंय त्यानं? पण गाडी आली की आम्ही खूश, तिच्यासोबत फोटो काढणारा नगरसेवक पण खूश.

आकड्यांचं म्हणाल तर, दिवसभर आकडेच बघते मी. पतसंस्थेत कुणी येऊन नुसतं ‘आठशे’ म्हटलं तर मी विचारते, कुठल्या खात्यातले आणि कुठल्या तारखेचे. इथं का विचारू नये? खाजगी लॅबमधलं झटपट किटचं एनएस-वन पॉझिटिव्ह हे सरकारी हिशेबात ‘संशयित’ धरतात. एलायझा ह्या लॅबमधल्या जास्त खात्रीच्या चाचणीत आलं तरच पक्कं. म्हणून डॉक्टर दोनशे म्हणतात आणि पेपरात चाळीस येतात, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. चाळणी वेगळी आहे, एवढंच. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. आरोग्यसेविका लक्षणांवरनं, डॉक्टर अंदाजानं आणि लॅब तपासणीवरनं, असे तीन वेगळे फॉर्म वर जातात. कुठल्या जिल्ह्यात कसली साथ आली त्याचे आठवड्याचे अहवाल निघतात. डेंग्यूचे राज्यवार आकडे केंद्राच्या कीटकजन्य रोग विभागाच्या साईटवर असतात. उशिरा येतात, इंग्रजीत येतात, आणि त्यांना घाबरलेल्या बाईचा आवाज नसतो. म्हणून कुणी ऐकत नाही.

बरं, आत्ता कॉमेंटमध्ये येणारच, ‘सरकार काय खरं सांगतंय होय?’ मान्य. आंधळा विश्वास मीही ठेवत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०-२१ च्या कोरोनाकाळात भारतात एरवीपेक्षा जादा झालेल्या मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांवर दिला, तेव्हा त्याच दोन वर्षांतल्या कोरोना मृत्यूंचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. सरकारनं ती पद्धतच मानली नाही. आणि ती संघटना तरी? मार्च २०२० मध्ये ‘कोरोना हवेतनं पसरत नाही’ म्हणून ठणकावून सांगितलं आणि पुढं शब्द गिळले. पण त्यांनी मोजलं कसं ते मांडलंय, चूक झाली ती चारचौघांत झाली. ऑडिओवालीला मी कुठं जाऊन पकडू?

आणि खोटं तरी का म्हणावं कुणाला. २०१९ ला पुराचं पाणी चढलं, २०२१ ला परत चढलं, तेव्हा ह्याच ग्रुपनं पाण्याचे कॅन पोचवले, औषधं पोचवली. पंचगंगेच्या काठच्या माणसाला साथ म्हणजे काय ते शिकवायला नको. २०१२ ची इचलकरंजीतली कावीळ अजून लोकांच्या तोंडात आहे. भीती खरीच आहे. काका पण वाईट नाहीत. पोराला ॲडमिट केलं त्या रात्री स्कूटरवरनं डबा घेऊन आलेले काकाच होते. पांढरा रस्सा वेगळा, बिनतिखटाचा, पोरासाठी. हे लिहिताना जरा राग उतरलाय माझा.

पण आशाताईंचा विचार आला की परत चढतो. मानधनासाठी ह्या बायका मुंबईत आझाद मैदानात बसल्या होत्या तेव्हा आपण त्यांची बातमी पुढं सरकवली का? एकानं तरी? आपल्या दारात येऊन, चप्पल काढून, फ्रिजमागं वाकून बघणारी बाई आपल्याला अडाणी वाटते आणि तोंड न दाखवणारी तज्ज्ञ वाटते. लई शहाणे आपण.

ग्रुपवर तावातावानं मोठा मेसेज लिहिला होता. पुसला. काकांना चारचौघांत कशाला बोलायचं. काकूंना फोन लावला.

ताप कितवा दिवस? चौथा, म्हणाल्या. आज सकाळपासनं उतरलाय, खेळत नाही पण, नुसता पडून आहे. मी विचारलं, लघवीला कितींदा गेला? तिकडं शांतता. मग आतल्या खोलीत सुनेला हाक मारल्याचं ऐकू आलं. परत फोनवर येऊन म्हणाल्या, दुपारपासनं नाही गं. म्हटलं, पाला ठेवा बाजूला, आत्ता डॉक्टरकडं न्या. दुखतंय म्हणून घरातली कुठलीही गोळी देऊ नका. ब्रुफेन नको, ॲस्पिरिन नको.

“तुला कुणी सांगितलं हे?”

“आशाताईंनी.”

“ती होय? रजिस्टर घेऊन फिरती ती? अगं, तिला मी परवाच दारातनं परत लावलं.”

फोनवर आम्ही दोघी जरा वेळ गप्पच होतो. मग त्या म्हणाल्या, ठेव, रिक्षा बोलावते.